हिराची वही आणि संदर्भसूची

वारजे, पुणे
१२ जानेवारी

चि. हिरा,

तुला आणि वस्तीतल्या सर्वांना जयभीम. माझी प्रकृती ठीक आहे. डोळ्यांत थेंब वेळेवर पडतात. सूनबाई शेफाली हजेरी घेते. तुझा गुडघा कसा आहे?

आता संतापाचे कारण. वस्तीची विहीर खणणाऱ्या बायांवरचा माझा लेख नियतकालिकाने स्वीकारला. मात्र त्या बायांच्या हकिगती तू जिच्यात लिहून ठेवल्यास, ती तुझी वही संदर्भसूचीतून काढा, म्हणतात. हस्तलिखित चालत नाही, त्याऐवजी प्राध्यापकांचे छापील पुस्तक द्यावे. हे तेच गृहस्थ, जे तुझ्या हातची भाकरी खात तीन दिवस ओसरीवर बसून ती वही उतरवून घेऊन गेले आणि पुस्तकात तुझे नाव घालायला विसरले!

संपादकांना फोन केला. "अहो, त्या पुस्तकाला आधार वहीचा. मग वहीतल्या मजकुराला आधार पुस्तकाचा कसा?"

"मुद्दा बरोबर आहे सर, पण सॉफ्टवेअर प्रकाशकाचं नाव मागतं."

"त्याला सांगा, प्रकाशक नाही. लेखिका आहे."

काम चार वर्षांचे आहे आणि या वयात दुसरा लेख होईलच असे नाही. तरीही काल लेखी कळवले: सूचीत हिरा ओव्हाळ नसेल, तर माझा लेख छापू नये. अजून उत्तर नाही.

"दादा, माझ्यासाठी कशाला?" असे लिहू नकोस. यापुढे कोणी अभ्यासक आलाच, तर चहा अवश्य दे. पण वही हाती देण्यापूर्वी त्याचे नाव, पत्ता आणि तारीख त्याच्याच अक्षरात तिच्या शेवटच्या पानावर लिहून घे.

आपल्या म्हणण्यावर ठाम असलेला,
तुझा दादा