मान हलवली, म्हणजे समजलं

अमरावती, ४ जानेवारी २०२५

प्रिय नीलमताई,
सप्रेम जय भीम. वि. वि.

सहाव्या वर्षी कान गेले तेव्हापासून तुझी सगळी भिस्त कागदावर, मोबाइलवरचे तुटक निरोप तुला आवडत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो. दोन वर्षं ज्यासाठी डोळे फोडले ते यंत्र झालं. डॉक्टरांनी बोलायचं आणि टॅबलेटवरच्या चित्रातल्या मुलीने ते खुणांनी सांगायचं. तिला वेणी मी घातली, तुझ्यासारखी तिरपी.

तुझं गाठीचं ऑपरेशन अकोल्यात ज्या दवाखान्यात आहे, तिथेच चाचणीसाठी एक यंत्र ठेवलं आहे. तेव्हा मूकबधिर शाळेच्या शेषराव सरांना खुणा सांगायला नेऊ नकोस. सर सोबत असले तर यंत्राची परीक्षा कशी होणार? माझ्यासाठी एवढं कर. आई म्हणते, पोरीले म्हणा जेवण सोडू नको, लय सुकून राहिली.

जीवनभाऊजींना जय भीम. माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
ललित

अकोला, १६ जानेवारी

चि. ललित यास,
अ. आ. वि. वि.

तुझी टॅबलेटवरची मुलगी आम्ही दोघं पाहून आलो. वेणी छान, चेहरा मात्र इस्त्री केल्यासारखा. हात असे चालवते की जणू तिची बस सुटते आहे. जीवन माझ्यासारखाच बहिरा, पण तो पोट धरून हसला. अर्धं कळलं, अर्धं आम्ही जुळवलं. जरा हळू करता आलं तर बघ.

सरांनी सुट्टी टाकली होती, मी नको म्हणून कळवलं. रागावले थोडे. ऑपरेशन सत्तावीसला. फक्त गाठ काढायची, मग मूल व्हायला अडचण नाही, असं पहिल्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं होतं. पाच वर्षं वाट पाहिली, आता तू मामा व्हायची तयारी ठेव. नाव ठरवलं आहे. सांगणार नाही, तू गावभर करशील.

आईच्या गुडघ्याला जप. आमची आठवण असू दे.
तुझी ताई,
नीलम

अमरावती, ८ फेब्रुवारी

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम. वि. वि.

दवाखान्याचा कागद आला. यंत्राने रुग्णास प्रत्येक मुद्दा सांगितला, रुग्णाने प्रत्येक वेळी मान हलवली, सर्व समजले, असं लिहिलं आहे. पहिलंच मोठं ऑपरेशन, तेही माझ्या ताईचं. ऑफिसच्या बैठकीत मी ते वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या. लगेच चाचणी यशस्वी झाल्याच्या अहवालावर सही करून दिली. आता धारणी, चांदूर बाजारकडे यंत्रं जातील.

या धावपळीत तुला भेटायला येता आलं नाही. तुझ्या सासूबाई आहेत म्हणून निर्धास्त आहे. पण पत्र नाही तुझं. आई रोज विचारते, काहून लिहून नाही राहिली पोरगी. दोन ओळी टाक.
तुझा,
ललित

अकोला, २४ फेब्रुवारी

चि. ललित,

आशीर्वाद लिहायला आज हात उचलत नाही.

गाठीबरोबर माझी गर्भपिशवीही काढली. टाके काढायला गेलो तेव्हा सरांना नेलं. त्यांनी दवाखान्याचा कागद वाचला आणि डॉक्टरांना गाठून सगळं विचारलं. मग मला खुणांनी सांगितलं.

ऑपरेशनआधी डॉक्टर म्हणाले होते की गाठ खोल आहे, रक्त थांबलं नाही तर पिशवी काढावी लागेल. नागपूरला गेलात तर ती वाचायची आशा जास्त, तरी इथेच करू का? डॉक्टर वाईट नव्हते, तीनदा विचारलं. मला त्या हातांतून रक्त, काढणे, नागपूर एवढंच सापडलं. मी मान हलवली. जीवननेही हलवली. यंत्र आहे म्हणून मराठीत कुणी लिहून दिलं नाही, इंग्रजी कागदावर सही केली.

कळलं नाही तर मान का हलवली, हे तू विचारू नकोस. पाहुणे आले की माझ्या कोपराला ढोसून मान हलव म्हणून कोण सांगायचं? त्यांनी पुन्हा पुन्हा विचारू नये आणि तुला लाज वाटू नये, म्हणून. शाळेत, बसमध्ये, रेशनच्या दुकानात आम्ही सगळे बहिरे हेच करतो. ऐकणारे तेवढ्यावर खूश होऊन पुढे जातात. डॉक्टरांना हे ठाऊक नसेल. तुला होतं.

मला फार राग आला आहे, आणि तो तुझ्यावरच आहे.
नीलम

अमरावती, ३ मार्च

ती. ताई,
पायांवर डोकं ठेवतो.

पत्र आईला दाखवायची हिंमत झाली नाही. चाचणीचे सगळे कागद काढले. समजले की नाही, या रकान्यात प्रत्येक माणसापुढे एकच लिहिलं आहे, मान हलवली. तो रकाना मीच आखला होता.

साहेबांकडे सही परत मागितली. ते म्हणाले, यंत्रं रवाना झाली, एका घरच्या दुःखावरून काम थांबत नसतं. मी नोकरी सोडली. त्यानेही काही थांबलं नाही.

घरात एवढी वर्षं तू होतीस, पण खुणा मी शिकलो नाही. व्हिडिओ पाहून यंत्राला शिकवल्या. रविवारी येतो. तुझ्यासमोर बसून माफी मागायची आहे.
ललित

अकोला, ७ मार्च

चि. ललित,

रविवारी येऊ नकोस. तू समोर बसशील, तुझे ओठ हलतील, डोळ्यांत पाणी येईल, आणि मी काही न कळता मान हलवून मोकळी होईन. तशी माफी मला द्यायची नाही.

शेषराव सर शिकवायला तयार आहेत. वर्ष लागेल म्हणतात. शीक, मग ये. आईला मी स्वतः लिहिते.
नीलम