बापाच्या हातचा घास

हिंगणा रोड, नागपूर
१४ ऑगस्ट २०२५

रुखमाबाई विहीणबाईले जयवंताचा रामराम. तुमची तब्येत बरी असन तं चांगलंच, नसन तं तुमच्याच हातचे लाडू खाऊन बिघडली असन असं समजते. व्याहीबुवा अजून त्या लाडवाले दात लावून राहिले का? उरलेले दात जपा म्हणा त्याहीले.

चिठ्ठी पाहून हसू नका. सातवीपर्यंतच शिकली मी, गावच्या शाळेत, अन् अक्षर पहिलेपासून असंच. फोन केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर. मी इकडं शिंकली तं तिकडं तुमची गल्ली नाक पुसते. अन् इकडं आमची एकच खोली, तुमचा जावई जितू बाजूलेच बसून राहते. म्हणून लिहून राहिली. तुमच्या गावचे रामाजी गांधीबागेत लुगडे घ्यायले आले होते, त्याहीच्याजवळ देते. चष्मा घरी विसरून आले हायेत, म्हणून त्याहीच्यावर भरोसा हाय.

पाऊस ठीक हाय. नळ एक दिवसाआड येते. माह्या गुडघ्याले तुमची आठवण येते, म्हणजे दुखते.

तुमच्या लेकीनं, भावनानं, तुम्हाले काय सांगतलं ते मले माहीत हाय. पोट्टीले, रितिकाले, अशक्तपणा आला, इकडं हवापालट करायले आणली. खोटं नाही ते, पण अर्धंच हाय. बाकीचं तिच्या तोंडातून निघत नाही. तिच्यावर रागवू नका. माह्याच्यानं बी निघत नव्हतं, म्हणून तुम्ही फोनवर इचारता, रितिका कधी पहिल्यासारखी बोलन, तं मी म्हणते, बोलन जी, आजोळच्या वळणावर गेली तं कोणाले बोलूच देणार नाही. तुम्ही हसता, मी बी हसते.

तुम्हाले आठवते, कशी होती ते. बापाचा आवाज काढून मले "आई, चहा मांड" म्हणे. मंग हळूहळू गाणे गेले. मंग रंगाचे नावं गेले. पोट दुखे, तोंड पांढरं पडे. आम्ही जंताचं औषध देलं, दृष्ट काढली. शेवटी मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात नेली तं तिथं सगळ्याइचंच रक्त घेतलं.

शिसं निघालं. जितू जिथं कामाले जाते तिथं जुन्या बॅटऱ्या फोडतेत अन् आतलं शिसं भट्टीत वितळवतेत, त्याची धूळ. सगळ्यात जास्त जितूच्या रक्तात, मंग माह्या, मंग भावनाच्या. पोट्टीच्या सगळ्यात कमी. मी तं खूश झाली. म्हटलं, मले एवढं असून मी तुमच्याशी मस्करी करून राहिली, म्हणजे पोट्टीले काहीच नाही होत.

डॉक्टरीणबाई लहान वयाच्या हायेत, पण रागवल्या नाही. बसवून समजावलं. किती गेलं एवढंच पाहून होत नाही म्हणे. कुठून गेलं, किती दिवस गेलं, अन् कोणाच्या आंगात गेलं, तेही पाहा लागते. मले तं चुलीवरचंच समजते. एक चिमूट मीठ माह्या मोठ्या गंजात टाकलं तं वरण अळणीच राहते, तेच तिच्या वाटीत टाकलं तं तोंडात धरवत नाही. वरून माहे हाडं जुने, त्याइच्यात जाऊन ते शिसं बसते अन् पडून राहते. तिचा मेंदू अजून घडून राहिला होता. जितू तिथं लागल्यापासून चार वर्षांत त्या धुळीले माह्यात जे करता आलं नाही, ते तिच्यात त्याच्याहून कमी धुळीनं केलं. मले जास्त भेटलं अन् मी धडधाकट, हा कुठला न्याय हाय?

मंग त्याहीनं इचारलं, पोट्टी जेवते कशी, कवा, कोणाच्या हातानं. अन् मी कौतुकानं सांगत गेली.

तुम्ही बी पाह्यलंय ते. दिवाळीले आल्या होत्या तवा डोळ्याले पदर लावला होता तुम्ही. पोट्टी दुपारपासून काही खाये नाही. भावनानं घास नेला तं तोंड फिरवे, माह्या हातचा तं थुंके. उंबरठ्यावर बसून बापाची वाट पाहे. जितू आला की हात धुये, नाही म्हणत नाही, पण ते काळं नखातून जात नाही. मंग वरण-भात बोटानं कालवून पहिला घास तिच्या तोंडात देये. त्याच्याआधी आमच्या घरी कोणी जेवत नव्हतं. शेजारच्या बाया पाहायले येत. सगळे म्हणत, बाप असावा तं असा.

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवला. कातडीवरची धूळ धुतली तं जाते म्हणे, तोंडातून गेली ते आत राहते. अन् रिकामं पोट असलं, आंगात रक्त कमी असलं, तं भुकेलं आंग काहीही उचलून घेते. त्याले लोखंड पाहिजे असते, शिसं भेटलं तं तेच ठेवून घेते. रोज थोडं थोडं. मी इचारलं, औषधानं निघन ना? तं त्या म्हणाल्या, "आजी, रक्तातलं आम्ही काढू. मेंदूचं जे गेलं ते परत येणार नाही." मले वाटलं मी नीट ऐकलं नाही, म्हणून अजून एकदा इचारलं. त्याहीनं तेच सांगतलं.

त्या रिपोर्टच्या दिवशी जितू पाळीवर होता. त्याले आम्ही एवढंच सांगतलं, तुह्या कपड्यातून धूळ आली. तेवढ्यानंच तो अर्धा झाला. आता कामावरच आंघोळ करते, कपडे तिथंच बदलते, नखं रक्त निघेपर्यंत घासते. त्याले वाटते औषध झालं, म्हणजे पोट्टी बरी झाली. काल जेवता जेवता म्हणे, "आई, पोळ्याच्या आदल्या दिवशी जाऊन तिले आणतो. लेकराइच्या तान्ह्या पोळ्याले लाकडाचा बैल घेऊन देतो. माह्याशिवाय ती जेवत नसन."

विहीणबाई, तिले पाठवू नका.

त्या भट्टीच्या शेडची चिमणी आमच्या आंगणातून दिसते. मी रोज खिडकी पुसते अन् रोज फडकं काळं होते. इथल्या मातीत बी हाय ते. दुसरं काम पाह्यलं जितूनं, पण भट्टीवरच्या माणसाले भट्टीच भेटते. घर सोडून कुठं जावं, ते कोणी सांगत नाही. तुम्ही कोराडीच्या देवीले नवस बोलल्या ना, पोट्टी बोलली की ओटी भरीन म्हणून? भरायची असन तं तशीच भरा, ती बोलायची वाट नका पाहू.

आता तुम्ही म्हणान, त्याले खरं सांगून टाका. नुसतं पाठवत नाही म्हटलं तं तो काहून म्हणून इचारन, अन् मंग मेडिकलमधे जाऊन त्या बाईले इचारन. त्याले घासाचं समजलं, तं घास देणारा हात तो भट्टीत घालन. माह्या पोटचा हाय, मले माहीत हाय.

म्हणून तुम्ही भांडा. तुमच्याइतकं कोणाले जमते? तो आला की दारातच सुरू करा. म्हणा, तुही माय माह्या लेकीले छळते. उपाशी ठेवते म्हणा, घालूनपाडून बोलते म्हणा. लग्नात मी तुमच्या मानपानाचं जे जे बोलली होती ते सगळं काढा. ती म्हातारी घरात हाय तोपर्यंत लेक अन् नात येणार नाही म्हणून सांगा. भावनाले बी तेच म्हणायले लावा. तिले रडू आलं तं चांगलंच, खरं वाटन. तो माह्यावर चिडन, बोलणं सोडन. सोडू द्या. माह्यावरचा राग त्याच्याच्यानं सहन होईन.

अन् आखरीचं. परवा फोनवर तुम्ही सांगत होत्या, रितिकाले "आजी" म्हणायले शिकवून राहिली, अर्धा अर्धा घंटा घेऊन बसते. तसं करू नका. तिच्याजवळ आता थोडेच शब्द राहणार हायेत, ते तिच्या कामाचे असू द्या. पाणी म्हणता आलं पाहिजे. भूक म्हणता आलं पाहिजे. दुखते म्हणून बोट दाखवता आलं पाहिजे. आजीचं काय हाय, न म्हणता बी चालते.

आजपासून तुमच्या लेकीची खाष्ट सासू,
जयवंता