प्रेक्षकाचा टोप

हिवरधामणा (जि. अकोला)
१७ मे १९६४

ती. पुंजाकाकाजींस,
शालूचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे आम्ही ठीक. माय डाळमिलात डाळ निवडायला जाते. शाळेला सुट्टी, त्यामुळे माझा राग दिवसभर घरातच असतो.

नगरपालिकेचं उत्तर आलं. बाबा दोन वर्षांपूर्वी बंबखान्यातून निवृत्त झाले, म्हणून मार्चातल्या कापसाच्या जिनाच्या आगीत मेलेल्या कर्मचाऱ्यांत ते मोडत नाहीत. ते तिथे हजर असलेले 'प्रेक्षक' होते म्हणे. म्हणून मायला पेन्शन नाही. बंबखान्यात हुतात्म्यांची संगमरवरी पाटी लागणार आहे, तिच्यावर बाबांचं नावही नाही. त्याच कोसळलेल्या छपराखाली गेलेल्या बाकी दोघांची नावं आहेत.

कापसाला आग लागली होती की गावात तंबूचा सिनेमा आला होता? बाबांनी तिकीट काढलं होतं का? घंटा वाजली, बंबावर माणसं कमी पडली, तेव्हा मुकादम देवमनकाकांनी स्वतःच्या हातानं बाबांच्या डोक्यावर पितळी टोप ठेवला. सगळ्या गावानं पाहिलं. खरे प्रेक्षक आमचे नगराध्यक्ष उत्तमराव. नाल्याच्या पल्याड जीपमध्ये नाकाला रुमाल लावून बसले होते. पाटीवर सगळ्यात मोठ्या अक्षरात नाव त्यांचंच येणार आहे. असल्या माणसांची मला किळस येते.

मायला पेन्शनचं एवढं नाही, नावाचं आहे. नाव नाही लागलं तर तुझा बाप उगाच मेला असं होते, असं ती म्हणते.

काकूंना जयभीम. तुमची माया आहेच, थोडा रागही उसना द्या.
तुमची,
शालू

अमरावती
२५ मे १९६४

चि. शालूस पुंजाकाकाचे अनेक आशीर्वाद.

बाई, तुझं कार्ड वाचलं आणि चुलीत घातलं. अध्यक्षाबद्दल असं उघड्या कार्डावर लिहितात का? आमच्या डाकवाल्यानं मला येता येता विचारलं की मग पुढे काय झालं.

तू त्याच नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण आहेस हे विसरू नकोस. दगडाखाली हात असला की तो हळूच काढावा लागतो. कचेरीत पट्टेवाला म्हणून माझी उमर गेली. साहेब लोकांना वाकून मागितलेलं आवडतं. हेडक्लार्ककडून अर्जाचा मसुदा करून घेतला आहे, तो सोबत आहे. त्यात तुझं एक अक्षर घालू नकोस. दादा माझा सख्खा भाऊ होता, जळजळ मलाही होते, पण जळजळीवर कोणी पेन्शन देत नाही.

वहिनींना जयभीम. मला भित्रा म्हण, पण पत्र लिहीत जा.
तुझा,
पुंजाकाका

हिवरधामणा
२ ऑगस्ट १९६४

ती. काकाजींस,
स. जयभीम वि. वि. या वेळी पाकीट लावलं आहे. डाकवाल्याची करमणूक बंद.

तुमचा वाकलेला अर्ज दिला. उत्तमरावांनी मायला दाराशी उभं ठेवलं आणि विचारलं, निवृत्त माणसाला आगीत बोलावलं कोणी होतं? घंटेनं बोलावलं, असं माय म्हणाली. त्यावर ते हसले.

आता पुढचं ऐका. पंधरा ऑगस्टला पाटीचं उद्घाटन आहे, अकोल्याहून पाहुणे येणार. पाटीखाली काचेच्या कपाटात आगीतून निघालेला टोप ठेवायचा आहे. तसा टोप एकच आहे, बाबांचा. तो बाबांबरोबर घरी आला होता. तो नगरपालिकेची मालमत्ता आहे, साफ करून आणून द्यावा, असा निरोप घेऊन देवमनकाका आले. बिचारे मान वर करेनात. माणूस यांचा नाही, टोप मात्र यांचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय.

मला वाटलं माय नाही म्हणेल. ती म्हणाली, बरं, देते. आणि टोप पिशवीत घालून अकोल्याला जुन्या शहरात तांबटाकडे गेली, उजळून आणते म्हणाली. यांच्या कपाटासाठी उजळायचा? मी तिच्याशी बोलणं टाकलं आहे. तुमचं वाकणं तिलाही लागलं. असो. तब्येतीला जपा, आणि पुन्हा मसुदा पाठवू नका.
आपली,
शालू

हिवरधामणा
१८ ऑगस्ट १९६४

पुंजाभाऊजीले पार्बताचा जयभीम. लिहून शालू राहिली, बोल माहे हायेत.

तुमी आले नाई, साहेबानं रजा देल्ली नसन. आयका मंग. टोप मी सकाळीच नेऊन देल्ला. उत्तमरावानं त्याच्याकडे धड पायलं बी नाई, कपाटात ठिवला. टोपाकडे पाह्याले सवड कोणाले होती? समदे हार अन् खुर्च्या मोजत होते.

मंग पाहुणे आले. म्हातारा मानूस, भला दिसला. पाटीवरचा पडदा वढला, अन् कपाटापाशी येऊन चष्मा लावला. टोपावर अक्षरं होती, ते त्यायनं लाउडस्पीकरवर मोठ्यानं वाचले. लग्नात आपून आहेराच्या भांड्यावर नाव घालतो ना, तसंच तांबटाकून घालून घेतलं होतं मी. 'बुधाजी सहदेव इंगळे, बंबवाले. जिनाच्या आगीत कामी आले. पत्नी पार्बताबाईकडून नगरपालिकेस भेट.'

लोकायनं टाळ्या वाजोल्या. देवमनभाऊ टोपी काहाडून उभा राह्यला. पाहुण्यानं इचारलं, हे नाव पाटीवर काहून नाई? उत्तमराव पाटीकडे असा पाहे, जसं आताच वाचाले शिकला.

नंतर मले बाजूले घेऊन म्हने, बाई, ते अक्षरं खरवडून द्या. मी सांगतलं, भेट आलेल्या भांड्यावरचं नाव घेणारानं खरवडू नाई, लोकं भिकारी म्हनतीन.

पेन्शन भेटली नाई, भेटन असं बी वाटत नाई. मी मिलात जातोच हाये. शालू आता बोलून राहिली, रडून बी राहिली, म्हून अक्षर बिघडलं. त्याचं मनावर घेऊ नोका.

लोभ हाये तसाच राहू द्या. सवड झाली का या, अन् आपल्या भावाचं नाव पाहून जा. परेक्षकाले तिकीट नाई.
तुमची वयनी,
पार्बता