एकतीस वेळा डावा इंडिकेटर

प्रति,
मा. सचिव,
मोफत विधी सहाय्य समिती,
मोटार अपघात दावे न्यायाधिकरण,
न्यायालय इमारत, दुसरा मजला.

अर्जदार: जखमी वृद्धेची सून (नाव, पत्ता व उत्पन्न सोबतच्या विहित नमुन्यात भरले आहे.)

विषय: सासूबाईंच्या अपघाताचा दावा मुदतीत दाखल होण्यासाठी मोफत वकील मिळणेबाबत, तसेच प्रतिपक्षाच्या गाडीचालकास जे सांगायचे आहे ते सांगू देणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराने पोलीस ठाण्यात दिलेला दि. ३ ऑगस्टचा तक्रार अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे दि. ९ ऑक्टोबरचे पत्र (अर्ज त्रुटीसह परत).

महोदय,

१. अर्जदाराचा पहिला अर्ज आपल्या कार्यालयाने दोन त्रुटी दाखवून परत केला. पहिली त्रुटी अशी की, अर्जात जागोजागी ‘मी’ लिहिले होते. खिडकी क्रमांक चारवरील लिपिक बाईंनी समजावून सांगितले, “बाई, मी-मी करून लिहिलं की रडगाणं वाटतं. अर्जदार असं लिहा, म्हणजे कागद पुढे सरकतो.” त्याप्रमाणे दुरुस्ती केली आहे. दुसरी त्रुटी अशी की, साक्षीदाराच्या रकान्यात प्रतिपक्षाच्या गाडीचालकाचे नाव लिहिले होते. ती दुरुस्ती अर्जदाराला करता येत नाही. ती का करता येत नाही हे सांगण्यासाठीच हा अर्ज लांबला आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

२. दि. २ मे रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी अर्जदाराच्या सासूबाई (वय सदुसष्ट) नातीला बालवर्गातून घरी आणत होत्या. मुलीचे वय पाच. औषधाच्या दुकानापाशी रस्ता ओलांडताना, सरळ जाईल असे वाटलेली एक पांढरी मोटार एकाएकी डावीकडे वळली. सासूबाईंनी नातीला मागे ढकलले आणि स्वतः गाडीखाली सापडल्या. खुब्याचे हाड तीन ठिकाणी मोडले. मुलीच्या कोपराला खरचटले, तेवढेच. दुकान दुपारचे बंद होते. पाहणारे कोणी नव्हते.

३. पंचनाम्यात पुढील वाक्य आहे: “सोबतच्या लहान मुलीने हात ओढल्याने वृद्धा अचानक गाडीसमोर आली.” गाडी वळताना चालकाने डावा इंडिकेटर दिला होता, असेही त्यात नमूद आहे. हे दोन्ही त्या गाडीच्या विमा कंपनीच्या माणसाच्या सांगण्यावरून लिहिले गेले. अर्जदार त्या वेळी शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर, मुलीच्या फ्रॉकवरचे डाग पाण्याने काढत बसली होती.

४. कंपनीचा माणूस जूनमध्ये घरी आला. स्वभावाने हसतमुख आहे. सासूबाईंच्या पलंगाशी खुर्ची ओढून म्हणाला, “ताई, या वयाची हाडं. आज ना उद्या मोडायचीच होती, निमित्त आमच्या गाडीचं झालं.” सासूबाई त्याला म्हणाल्या, “तुमची अजून शाबूत आहेत ना? मग जिन्यावरून जपून उतरा.” त्याने पुढे केलेल्या तडजोडीच्या कागदावर सही केल्यास रक्कम आठ दिवसांत मिळणार होती, आणि त्या रकमेत दुसरी शस्त्रक्रिया होण्यासारखी होती. परंतु कागदात मुलीने हात ओढल्याचे वाक्य जसेच्या तसे होते आणि त्याखाली अर्जदाराची सही हवी होती. आईने आपल्या हाताने ते लिहून द्यावे, मोठेपणी मुलीने ते वाचावे, हे अर्जदाराला जमले नाही. कागद अजून घरी आहे. शस्त्रक्रिया झालेली नाही. सासूबाईंना कुशीवर वळवायला रोज दोन माणसे लागतात, घरात एकच आहे. अर्जदाराचे पती परगावी शीतगृहात नोकरीला असून पंधरवड्यातून एकदा येतात. अर्जदार छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम करीत असे. ते मे महिन्यापासून बंद आहे.

५. आता त्या गाडीविषयी. दि. १४ जूनपासून तीच पांढरी मोटार अर्जदाराच्या खिडकीसमोर, गल्लीच्या पलीकडच्या अंगाला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी येऊन उभी राहू लागली. आत चालक एकटा असे. गृहस्थ साठीच्या आसपासचे, हडकुळे, वजनकाटे दुरुस्त करण्याच्या धंद्यातले. मागच्या सीटवर काट्याची पितळी पारडी दिसत. ते खाली उतरत नसत. वर बघत नसत. दोन्ही हात चाकावर ठेवून वीस मिनिटे बसत आणि निघून जात. तळमजल्यावरचे शिंपीकाका त्या गाडीला ‘चार-दहाची’ म्हणू लागले. “आमचं घड्याळ बंद पडलंय, पण अडत नाही,” असे ते गिऱ्हाइकांना सांगत.

६. अर्जदाराला हसू येत नसे. घरात एक अंथरुणाला खिळलेले माणूस, एक लहान लेकरू, आणि दाराशी तीच गाडी. हा माणूस आपल्याला धमकावायला येतो, सही करा असे न बोलता सांगतो, असा अर्जदाराचा समज झाला. पती फोनवर म्हणाले, “तू रोजची नोंद ठेव. उद्या उपयोगी पडेल.” अर्जदाराने जुलैपासून मुलीच्या जुन्या चौकटीच्या वहीत तारीख, येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि शेरा अशा चार रकान्यांत नोंदी ठेवल्या. अशा एकतीस नोंदी आहेत. एकतीसही शेऱ्यांत ‘डावा इंडिकेटर चालू’ हे शब्द आहेत. तो पिवळा प्रकाश खिडकीतून येऊन सासूबाईंच्या उशाशी असलेल्या कपाटाच्या आरशात लुकलुकत असे. गल्ली अरुंद असल्याने त्या खोलीत दिवसाही अंधारच असतो. अर्जदार पडदा ओढायला गेली की सासूबाई म्हणत, “राहू दे. असू दे तेवढा उजेड.”

७. दि. ३ ऑगस्ट रोजी अर्जदाराने पोलीस ठाण्यात तक्रार दिली. ठाणे अंमलदारांनी तत्परता दाखवली. दोन दिवसांत गाडीचालकास बोलावून, यापुढे या गल्लीत येणार नाही व अर्जदाराच्या कुटुंबाशी कोणत्याही प्रकारे संपर्क साधणार नाही, असे हमीपत्र लिहून घेतले. ते काय म्हणाले, असे अर्जदाराने विचारले असता अंमलदार म्हणाले, “काही नाही. लिहिलं तसं वाचलं आणि सही केली. जाताना विचारत होते, म्हातारी उठून बसते का?” त्या दिवशी अर्जदाराला हे विचारणेही धमकीच वाटले. गाडी यायची थांबली. अर्जदाराने घरी येऊन दाराला दोन्ही कड्या घातल्या आणि ती तीन महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपली, हे येथे प्रांजळपणे नमूद करते.

८. दि. २८ ऑगस्ट रोजी अपघाताच्या कागदांची सही-शिक्क्याची नक्कल मिळाली. त्यात सासूबाईंचा रुग्णालयातला जबाब आहे. तो घेतल्याचे अर्जदाराला माहीतही नव्हते. जबाब तीन ओळींचा आहे: “मी नातीला शिकवले आहे की, गाडीचा पिवळा दिवा लुकलुकला की थांबायचे, दिवा नसेल तर गाडी सरळ जाणार, मग चालायचे. त्या दिवशी दिवा लागला नव्हता. म्हणून मी पाऊल टाकले.” खाली शेरा आहे: “जखमी औषधाच्या अमलाखाली, जबाब ग्राह्य नाही.”

अर्जदाराने सासूबाईंना विचारले की हे मला का नाही सांगितले. त्या म्हणाल्या, “सांगितलं असतं तर पुढचं विचारलं असतंस.” पुढचे असे की, कोपऱ्यावर गाडी पाहून मुलगी म्हणाली होती, “आजी, दिवा नाही, चल.” हात तिने ओढला नव्हता. तिने शिकवलेला नियम म्हणून दाखवला होता. ही गोष्ट आजी-नातीने चार महिने आपसांत ठेवली. मुलगी त्या दिवसापासून ‘चल’ हा शब्द बोलत नाही. ‘जाऊया’ म्हणते, किंवा नुसतीच हात धरून उभी राहते. अर्जदार आई असून हे तिच्या ध्यानात आले नव्हते. शब्दांतल्या चुका शोधणे हेच तर तिचे काम होते.

९. त्या संध्याकाळी अर्जदाराने जबाब आणि वही शेजारी-शेजारी ठेवून वाचली. गाडीचालक गाडी थांबवल्यावर, इंजिन बंद करून, मग डावा इंडिकेटर लावीत. निघताना आधी तो बंद करीत. गाडी एकदाही डावीकडे वळली नाही, एकतीसही वेळा सरळ गेली. या नोंदी अर्जदाराच्याच हस्ताक्षरात आहेत. जो दिवा दोन मे रोजी लावायचा राहिला, तो हे गृहस्थ जखमी बाईच्या खिडकीखाली येऊन रोज वीस मिनिटे लावीत होते, असे अर्जदाराचे म्हणणे आहे. समज चुकीचा असू शकतो. एकदा तक्रार देताना तो चुकलाही आहे. म्हणूनच त्यांना समोर बोलावून विचारावे, एवढीच विनंती आहे.

१०. परंतु विचारायचे कसे, हा प्रश्न आहे. अर्जदार कंपनीच्या कार्यालयात गेली. तो हसतमुख माणूस म्हणाला, “आमच्या गिऱ्हाइकाने चूक कबूल करायची नाही आणि तुमच्याशी बोलायचंही नाही, हे पॉलिसीच्या अटींतच आहे, ताई. बोलले तर नुकसानभरपाई त्यांच्या खिशातून. आणि त्यांना तुमच्या गल्लीत यायची बंदी तर तुम्हीच घातलीत. आम्ही आभारी आहोत.” अर्जदाराची तक्रार त्याने आपल्या फाइलला जोडली असून त्यावर ‘दावेदार भांडखोर’ असा शेरा मारला आहे. अर्जदार पोलीस ठाण्यात तक्रार मागे घेण्यास गेली. अंमलदार म्हणाले, तक्रार मागे घेता येईल, हमीपत्र नाही, कारण हमी तुम्ही दिलेली नाही, त्यांनी दिली आहे. ती मागे घेण्यासाठी त्यांनीच यावे लागेल. आणि पत्र पाठवून त्यांना तसे कळवणे हाही संपर्कच ठरेल. अशा रीतीने त्या कोपऱ्यावर काय घडले हे सांगू शकणाऱ्या एकमेव परक्या माणसाचे तोंड कंपनीने बंद केले आणि पाय अर्जदाराने.

११. गाडी येत नसली तरी चार-दहा रोज होतात. त्या खोलीत घड्याळ नाही. तरी त्या वेळेला सासूबाईंचे बोट चादरीवर हलू लागते, थांबून थांबून, तो दिवा लुकलुकावा तसे, आणि वीस मिनिटांनी आपोआप थांबते. त्यांना विचारले तर म्हणतात, “मी कुठे काय करतेय?” मुलगी खिडकीत स्टुलावर चढून उभी राहते. सप्टेंबरमध्ये सहा वेळा अर्जदाराला स्वतःला कपाटाच्या आरशात पिवळा उजेड दिसला. खिडकीशी जाऊन पाहिले, तर गल्ली रिकामी होती. सहाही वेळा अर्जदाराने सवयीने वहीत नोंद केली. त्या नोंदी खऱ्या नाहीत हे तिला माहीत आहे. त्या मुद्दाम खोडलेल्या नाहीत, कारण खाडाखोड केलेली वही पुराव्यात चालत नाही असे लिपिक बाईंनी सांगितले. कृपया नोंद क्रमांक बत्तीस ते सदतीस विचारात घेऊ नयेत.

१२. दावा दाखल करण्याची सहा महिन्यांची मुदत दि. १ नोव्हेंबरला संपते. आज पंधरा दिवस उरले आहेत. डॉक्टरांनी सांगितले आहे की, दुसरी शस्त्रक्रिया नोव्हेंबरच्या आत न झाल्यास सासूबाई पुन्हा पायावर उभ्या राहणार नाहीत. कंपनीचा माणूस काल पुन्हा फोनवर म्हणाला, “एक वाक्य आहे, ताई. मुलगी पाच वर्षांची आहे, तिला काय कळतंय?” तिला कळते. परवा औषधाच्या दुकानापाशी ती थांबली ती हलेच ना. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. अर्जदाराने विचारले, कशाची वाट बघतेस. ती म्हणाली, “दिवा नाहीये, आई. म्हणजे येईल.” अर्जदार तिला उचलून, लांबच्या रस्त्याने घरी आली.

तरी विनंती अशी की,

(अ) सासूबाईंच्या वतीने दावा मुदतीत दाखल करण्यासाठी मोफत वकील नेमून मिळावा, आणि शस्त्रक्रियेपुरती अंतरिम रक्कम मागण्यास त्यांना सांगावे.

(आ) साक्षीदाराच्या रकान्यातील नाव तसेच राहू द्यावे. हे गृहस्थ प्रतिपक्षाचे आहेत हे अर्जदाराला ठाऊक आहे. दुसरा साक्षीदार नाही, आणि असता तरी अर्जदाराने यांनाच बोलावले असते.

(इ) त्यांना न्यायाधिकरणाच्या नोटिशीने बोलावावे. नोटीस हा अर्जदाराने साधलेला संपर्क नव्हे, असा तीत स्पष्ट उल्लेख असावा, म्हणजे त्यांच्या हमीपत्राला बाध येणार नाही. त्यांना एकच प्रश्न विचारावा: दि. २ मे रोजी इंडिकेटर लावला होता काय? त्या वेळी मुलीलाही खोलीत बसू द्यावे. उत्तर तिने त्यांच्या तोंडून ऐकणे आवश्यक आहे. आईने शंभरदा सांगून उपयोग झालेला नाही.

(ई) ते ‘लावला होता’ असे म्हणाले, तर अर्जदार तडजोडीच्या कागदावर सही करील. सासूबाईंचा पाय तिला घालवायचा नाही.

१३. सासूबाईंनी या अर्जात त्यांच्यातर्फे एक गोष्ट लिहावयास सांगितली आहे, ती अशी: त्या दिवशी गाडी थांबवून ते गाडीचालक धावत आले होते. त्यांनी आपला सदरा काढून सासूबाईंच्या डोक्याखाली ठेवला आणि काही तरी बोलत होते, पण कानात गाडीची टिकटिक भरून राहिल्याने सासूबाईंना ऐकू आले नाही. इंडिकेटर त्यांनी तेव्हा, गाडी थांबवल्यावर, लावला असावा. ते काय बोलत होते तेवढे विचारून घ्यावे, असे त्या म्हणतात. सदरा धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवला आहे.

१४. पलीकडच्या अंगाची ती जागा अजून मोकळी असते. शिंपीकाकांनी तिथे आपले मोडके लाकडी बाकडे आडवे टाकून ठेवले आहे, भलत्याच कोणी गाडी लावू नये म्हणून. पावणेचारला ते उचलतात, साडेचारला पुन्हा ठेवतात. अर्जदाराने त्यांना तसे सांगितलेले नव्हते.

ते गाडीचालक उद्या आले, तर अर्जदार पोलिसांना कळवणार नाही, असे या अर्जाद्वारे लिहून देत आहे. हे हमीपत्र समजावे.

उत्तर पंधरा दिवसांच्या आत मिळावे, एवढ्यासाठी हात जोडून थांबलेली,

आपली नम्र,
(सही)
अर्जदार

दि. १७ ऑक्टोबर

सोबत:
१) विहित नमुना, दुरुस्तीसह (एक दुरुस्ती केलेली नाही).
२) पंचनामा व सासूबाईंचा जबाब, सही-शिक्क्याची नक्कल.
३) डॉक्टरांचा दाखला.
४) तडजोडीचा कागद, सही न केलेला.
५) चौकटीची वही, मूळ प्रत. नक्कल करून घेऊन ही वही आजच, चार वाजण्याच्या आत, परत मिळावी.