आखडलेल्या शिट्ट्या

३ जून

ती. मामांस, सा. न. वि. वि.

तुमच्या केंद्रावर फोन चालत नाही म्हणून पत्र, नाहीतर आज माझी ओरड ऐकावी लागली असती. तुमच्या केंद्रावर ऐकू येणाऱ्या शिट्ट्यांवरचा माझा प्रबंध परीक्षकांकडून परत आला. पलीकडच्या गोलार्धात वीज पडते, तिच्या लहरी पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून हजारो किलोमीटर वर प्लाझ्माच्या विद्युतभारित वायूतून जातात आणि तुमच्या हेडफोनमध्ये उतरतात. उंच सूर आधी, खालचे रेंगाळत. म्हणून ती घसरत येणारी शिट्टी. प्लाझ्मा जितका दाट, तितकी शिट्टी लांब. तुम्ही कानानं ऐकून, स्टॉपवॉच लावून भरलेल्या वह्यांत ती नऊ वर्षं आखडत चाललीय, म्हणून वरचा प्लाझ्मा विरळ होतोय असं मी छातीठोक लिहिलं. इतर केंद्रांना तसं काहीच दिसत नाही म्हणे. माझी तीन वर्षं पाण्यात. खरं सांगा, यंत्रात काय बदललंत? शेवटची ध्वनिफीत पाठवा. सरांनी महिन्याची मुदत दिलीय.

चिडले आहे, तरी लोभ आहे तसाच ठेवा.
तुमची मिरची

११ जून

चि. मिरचीस अनेक आशीर्वाद.

यंत्र तेच, तारा त्याच, स्टॉपवॉच तेच. सांधा न् सांधा उघडून पाहिला, कंबर धरली. सव्वीस वर्षं या कानांनी ऐकतोय आणि कालपरवा शेंबूड पुसायला शिकलेली भाची मला जाब विचारते. नाचता येईना अंगण वाकडं. फीत सोबत आहे. बाकीच्या आम्ही पुसून परत वापरतो, तुला ठाऊक आहेच.

इथे एक वस्तू धड येत नाही. ऑफिसनं आगीचा अलार्म बसवला, तो मुकाच निघाला. तुझी मामी म्हणते कानठळ्या बसतात. तिला वाद घालायला काहीही चालतं.

राग गिळून आशीर्वाद देणारा,
मामा

२० जून

ती. मामांस, सा. न. वि. वि.

फीत ऐकली. प्रत्येक शिट्टी वहीतल्या मापापेक्षा लांब भरते, आणि सुटतं ते दर वेळी सुरुवातीचं, उंच सुरातलं. तुमच्या अलार्मच्या ओळी मी तीनदा वाचल्या. मामा, तो मुका नाही. शिट्ट्याही आखडल्या नाहीत. वरचे सूर तुम्हाला ऐकूच येत नाहीत.

तुमचा रागही येतोय, कारण मामी सांगत होती तर तुम्ही तिलाच वेड्यात काढलंत. सरांना कारण कळवलं तर तुमची खुर्ची जाईल, न कळवलं तर मी खोटी ठरेन. इकडे आड, तिकडे विहीर. काय करू ते तुम्हीच सांगा.

माया कमी करू नका.
मिरची

२९ जून

चि. मिरचीस आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस मामीशी बोललो नाही. तिचा काय दोष, देव जाणे. मग एकाच यंत्राला दोन हेडफोन लावून दोघं बसलो. शिट्टी सुरू झाली की हात वर करायचा, असं ठरलं. मी हात वर करायचो तेव्हा तिचा आधीच वर असायचा. दहा वेळा करून पाहिलं. अकराव्यांदा मला बरं वाटावं म्हणून तिनं मुद्दाम माझ्यामागून हात उचलला. तेव्हा मात्र फार वाईट वाटलं.

ऑफिसला मीच लिहिलंय, कारणासकट. तू सरांना खुशाल कळव. तुझी तीन वर्षं माझ्या हट्टापायी गेली, त्याची भरपाई मला करता येणार नाही. आधीच्या सतरा वर्षांच्या वह्या खऱ्या आहेत, त्यांवर काम कर.

काल कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. कधीपासून कमी ऐकू येतं आणि कसकसं वाढत गेलं, असं त्यांनी विचारलं. मी माझ्याकडच्या तुझ्या प्रबंधातला, आखडत गेलेल्या शिट्ट्यांचा आलेख पुढे ठेवला. म्हणाले, इतकी चोख नोंद आजवर एकाही पेशंटनं आणली नाही. कुणी केली, विचारत होते. भाचीनं, म्हणालो.

भांडायला का होईना, पत्र लिहीत जा.
तुझा मामा