राबाखालची काचेची तार

साखरशेत,
१४ एप्रिल २००८

तीर्थस्वरूप दादास गोकुळचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहोत. ठाण्यात तू आणि वहिनी खुशाल असालच. आपली विहीर होळीलाच आटली, त्यामुळे आई पुन्हा नदीवरून हंडे आणते. (मी आणतो म्हटलं तर म्हणते, तू निम्मं सांडतोस.)

नवी विहीर कुठे खोदावी ते शोधायला मुंबईहून एक साहेब आले. पोटात केसाएवढी काचेची तार असलेली केबल त्यांनी आपल्या उतारावर वीतभर खोल पुरली. तारेत उजेड सोडायचा. त्यातला थोडा मागे फिरतो आणि जमीन कुठे किती तापलीय ते सांगतो. लांबच लांब थर्मामीटरच म्हण. जिथे थंड, तिथे पाणी असण्याचा संभव. मी मास्तर, म्हणून हे गावाला समजावायचं काम माझ्याकडे आलं. साऱ्या गावाला समजावलं, घरात आईला सांगायचं तेवढं राहिलं. आणि तिने नेमका भाताच्या रोपांसाठी राब भाजायला काढला. शेण, पालापाचोळा, फांद्या, सगळं रचून पेटवलं ते थेट केबलवर. शाळेत कॉम्प्युटरपाशी बसलेले साहेब आकडे चढताना पाहून अनवाणीच धावत आले. "बाई, माझी तार!" आई म्हणाली, "तार तुजी, पन राब माजा हाय. पाऊस काय तुजी वाट बघंल?"

साहेब कपाळाला हात लावून परत गेले. पडद्यावर पाहतात तर राबाखालची सगळी जमीन तापलेली, मधला एक तुकडा मात्र काही केल्या तापेना. एरवी न दिसणारा फरक आगीने उघडा पाडला होता. तिथली माती खालून ओली होती. साहेबांनी येऊन आईला हात जोडले. (तिने, तिथला राब कच्चा राहिला म्हणून त्यांनाच बोल लावला.)

आम्ही पोट धरून हसलो. पण दादा, पाणी पायाखाली होतं आणि आई इतकी वर्षं त्याच्यावरून रिकामे हंडे घेऊन नदीला जात होती, हे मनातून जात नाही. फार वाईट वाटतं.

तुझा,
गोकुळ

ता. क. तो तुकडा तुझ्या वाटणीत येतो. रिटायर झाल्यावर घर बांधायचं म्हणून तू चार दगड पुरून ठेवलेस, बरोबर त्यांच्या मधोमध.

आणखी एक. हे पत्र आईला दाखवलेलं नाही. तिने साहेबांना तिथे खोदू दिलं नाही. म्हणाली, "माज्या पोराच्या घराची जागा हाय. मी जाईन नदीला, मला सवय हाय." तिला असेल. मला बघायची होत नाही. दादा, हो म्हण.