तब्येतीच्या कारणास्तव

३० जानेवारी, शुक्रवार
पावाच्या कारखान्यातला शेवटचा दिवस. बावीस वर्षं पीठ मळायच्या यंत्रावर काढली. गेलं दीड वर्ष मैदा उडाला की छाती घरघरते, जिना चढला की धाप लागते. म्हणून राजीनामा. अर्थात तिथे हे कुणाला बोललो नाही. आमच्या खात्यात रडगाणं गाणारा एकही माणूस मी पाहिला नाही, आणि पहिला मान मला नको होता. पत्रात लिहिलं: आता जरा निवांत मासे धरावेत म्हणतो, तुमच्यासारखी माणसं मिळाली, कसलीही तक्रार नाही. दोन आठवडे आधी, रीतसर. माणसाने गोडीत निघावं. सुपरवायझर गेराल्डने केक आणला होता, वर निळ्या आयसिंगचा मासा. मी आयुष्यात मासे धरलेले नाहीत. फोटोत हसलो.

२ फेब्रुवारी, सोमवार
संकल्प: सहाला उठणे, चालायला जाणे, बेकारभत्त्याचा अर्ज भरणे.
साडेनऊला उठलो. बाहेर बर्फ होता, चालणं रद्द.
शेजारचा वेंडेल भेटला. म्हणाला, आपण होऊन नोकरी सोडली की भत्ता देत नाहीत, डेल. म्हटलं, तब्येतीसाठी सोडली तर देतात, मी वाचलंय. तर म्हणतो, देतात, पण आधी साहेबाला सांगावं लागतं, बाबा रे मला झेपत नाही, दुसरं काम दे. तू सांगितलंस का? मी बर्फाचा विषय काढला. वेंडेलने जन्मभर दुधाचा ट्रक चालवला. त्याला कायद्यातलं काय कळणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार
अर्ज भरला. नोकरी सोडण्याचं कारण यादीतून निवडायचं होतं. 'आजारपण' होतं त्यात. पण मी आजारी कुठे आहे? मैदा सोडला तर ठणठणीत आहे. 'वैयक्तिक' निवडलं. सभ्य शब्द आहे.
लॉर्ना मागून वाचत होती. म्हणाली, अरे दमा आहे ना तुला, मग दमा लिही की. म्हटलं, दमा म्हाताऱ्यांना होतो. ती म्हणाली, तू अठ्ठावन्नचा आहेस. आणि भांडी पुसायला गेली. बायको शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, दिवसभर पोरांशी बोलून तिला असं तोडून बोलायची सवय लागली आहे.

६ ते १९ फेब्रुवारी
विशेष काही नाही. खुर्ची. टीव्ही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
पत्र आलं. 'योग्य कारणाशिवाय नोकरी सोडली, सबब भत्ता नामंजूर.' दोनदा वाचलं. वाईट वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही. हे लोक पहिल्यांदा सगळ्यांनाच नाही म्हणतात, तो त्यांचा धंदा आहे. अपील करणार. वकील नको. बावीस वर्षं मीच तर खात्यातली भांडणं सोडवत होतो.
लॉर्ना म्हणाली, जूनला शाळा बंद झाली की माझाही पगार बंद, लक्षात आहे ना? म्हटलं, जून कुठे, फेब्रुवारी कुठे.

२ मार्च, सोमवार
डॉक्टर हॅन्लीकडे गेलो, सर्टिफिकेट आणायला. त्यांनी फुंकायला लावलं, मग आणखी एकदा फुंकायला लावलं, चेहरा लांब केला. दमा आहे म्हणाले, मैद्यामुळेच. म्हटलं, उत्तम, तेच लिहा, आणि तुम्हीच नोकरी सोडायला सांगितलीत असंही लिहा. तर कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणतात, मी कधी सांगितलं? मागच्या वर्षी आला होतात तेव्हा मी विचारलं होतं, श्वासाचा त्रास होतो का. इथे लिहिलंय, पेशंट नाही म्हणतो. मी म्हटलं, ते मी सगळ्यांनाच म्हणतो. ते म्हणाले, मग मी खोटं कसं लिहू, सांगा.
आजच्या तारखेचं सर्टिफिकेट दिलं. आणि एक पंप, श्वासात ओढायचा. तारीख कोण बघतं. पंप खिशात ठेवला, लोकांसमोर वापरणार नाही.

९ मार्च, सोमवार
अपील चालू असलं तरी दर आठवड्याला फॉर्म भरायचाच. काम शोधताय का, शोधतोय. कुठे? दोन ठिकाणं दाखवावी लागतात. गोल्फ क्लबच्या मॅनेजरसाठी अर्ज केला आणि एका संग्रहालयाच्या संचालकासाठी. दोघांचंही उत्तर नाही. फॉर्मचं पोट भरलं.

१८ मार्च, बुधवार
सुनावणी ७ एप्रिलला, फोनवर. साक्षीदार पाहिजे म्हणून गेराल्डला फोन केला. तो म्हणाला, येणारच आहे मी, कंपनीने आधीच सांगून ठेवलंय. मी लॉर्नाला म्हटलं, बघ, माणसं जोडून ठेवली की अशी उभी राहतात. ती म्हणाली, अरे, कंपनीच्या बाजूने येतोय तो.

६ एप्रिल, सोमवार
गेराल्डला विचारायचे प्रश्न काढले. दोन पानं. शर्टाला इस्त्री केली.

७ एप्रिल, मंगळवार
टाय लावून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. लॉर्ना सुट्टी घेऊन शेजारी बसली होती. सुनावणी घेणाऱ्या बाईंनी विचारलं, नोकरी का सोडलीत? म्हटलं, मैदा. छाती. कुणाला सांगितलं होतंत? म्हटलं, न सांगता दिसत होतं, बाई. त्या म्हणाल्या, कुणाला सांगितलं होतंत?
मग गेराल्डची पाळी. त्याने माझं राजीनाम्याचं पत्र वाचून दाखवलं, सगळं, 'मासे धरावेत म्हणतो' धरून. चांगलं वाचतो तो. केकचंही सांगितलं. बाईंनी विचारलं, यांनी त्रास सांगितला असता तर काय केलं असतं?  तो म्हणाला, पॅकिंगला जागा होती हो, नोव्हेंबरपासून रिकामी. तिथे मैदा उडत नाही, पाव भाजून गार झालेला असतो. याने एक शब्द टाकला असता तर दुसऱ्या दिवशी हलवला असता याला. बावीस वर्षं शेजारी उभे होतो आम्ही, मला नाही सांगितलं याने.
बाई म्हणाल्या, साक्षीदाराला काही विचारायचंय? दोन पानं समोर होती. मी विचारलं, ती जागा अजून आहे का रे? तो म्हणाला, मार्चमध्ये भरली, डेल.
लॉर्ना उठली आणि सिंकमधला नळ सोडून पाठमोरी उभी राहिली. पाण्याचा आवाज फोनवर जात होता.
लाज वाटली. लिहून ठेवतो, कारण हल्ली दुसरं काही वाटतच नाही.

२१ एप्रिल, मंगळवार
निकाल. नामंजूर. कारण तेच, फक्त पानं जास्त. वर अपील करायला एकवीस दिवस आहेत. भरपूर झाले. उद्या बसतो.

१३ मे, बुधवार
एकवीस दिवस काल संपले. मी रविवार वगळून धरत होतो. ते रविवार धरतात. आधी सांगायला काय जातं यांचं.

२० मे, बुधवार
हार्डवेअरच्या दुकानात मुलाखतीला बोलावलं होतं. या वेळी अर्ज खरोखर केला होता. शिडी चढता येते ना म्हणाले. म्हटलं, त्यात काय. चौथ्या पायरीवरून खाली येऊन रंगाच्या डब्यांवर बसलो. त्यांनी पाणी दिलं. पंप घरी राहिला होता. माणसं चांगली आहेत, कळवतो म्हणाली. लॉर्नाला सांगितलं, जागा माझ्या लायकीची नव्हती.

२८ मे, गुरुवार
संकल्प: काही नाही.

८ जून, सोमवार
शाळा गेल्या आठवड्यात बंद झाली. लॉर्ना मला न विचारता कारखान्यात जाऊन आली आणि आजपासून कामाला लागली. पॅकिंगला जागा नव्हती. गेराल्डने तिला पीठ मळायच्या यंत्रावर घेतलं, माझ्याच ठिकाणी. म्हटलं, मी तुला दोन-तीन युक्त्या सांगतो. ती म्हणाली, राहू दे.
पहाटे गेली, दुपारी दोनला आली. आधी ठरलं होतं की गॅरेजमध्ये कपडे बदलून, केस झटकून मगच आत यायचं. पण दमली होती, विसरली, तशीच आत येऊन खुर्चीत बसली. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मी विचारणार होतो दिवस कसा गेला, तेवढ्यात मला खोकला सुरू झाला. थांबेचना. ती उठली आणि गॅरेजमध्ये गेली.
मी दाराशी जाऊन म्हटलं, अगं ये ना आत, मला काही होत नाही. ती तिकडून म्हणाली, पंप घे आधी, आणि दार लाव.
घेतला. लावलं. तिचं सँडविच तिने गॅरेजमध्ये गाडीला टेकून उभ्यानेच खाल्लं. माझं मी टेबलाशी बसून.